एका हंगामाचे रविवार: धरमपेठेतील गोल्फदर्शन मालिकेचे परीक्षण

धरमपेठेतील एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी संध्याकाळी व्यावसायिक गोल्फचा एक जुना हंगाम क्रमाने दाखवला जातो. खेळ पाहण्यासाठी नागपुरात ज्या काही सोयी आहेत, त्यांत इतक्या विचाराने आखलेली दुसरी माझ्या पाहण्यात नाही. सध्याच्या मालिकेचा विषय आहे पुरुषांच्या युरोपियन टूरचा २०१८ चा हंगाम, म्हणजे नोव्हेंबर २०१७ मध्ये हाँगकाँगला सुरू झालेले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये दुबईला संपलेले गोल्फचे वर्ष. संपूर्ण मालिकेचे शुल्क १,५०० रुपये आहे. त्यात दर आठवड्याचा चहा-नाश्ता आणि छापील कागदांचा एक संच मिळतो. मालिका घ्यावी का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र रायडर कपची (युरोप आणि अमेरिका यांच्यातल्या सांघिक लढतीची) संध्याकाळ, दुबईची शेवटची संध्याकाळ आणि खोलीतली ध्वनिव्यवस्था यांबद्दल माझ्या स्पष्ट तक्रारी आहेत आणि त्या पुढे मांडल्या आहेत.

जुना हंगाम पैसे देऊन का पाहायचा, हा प्रश्न साहजिक आहे. निकाल ठाऊक असतात, विजेत्यांची नावे एका क्षणात शोधता येतात आणि गाजलेले फटके मोबाइलवर फुकट पाहता येतात. परंतु गोल्फचा हंगाम गाजलेल्या फटक्यांतून कळत नाही. या टूरचे नाव युरोपचे असले (२०२२ च्या हंगामापासून तिला डीपी वर्ल्ड टूर म्हणतात), तरी या हंगामात हिवाळाभर ती दक्षिण आफ्रिका, आखाती देश, मलेशिया आणि भारत अशी फिरली आणि मे महिन्यानंतर खऱ्या अर्थाने युरोपात स्थिरावली. प्रत्येक आठवड्याचे गुण ‘रेस टू दुबई’ या वार्षिक तक्त्यात जमा होतात. त्यातही २०१८ मध्ये रोलेक्स मालिकेतल्या आठ स्पर्धांची बक्षिसे प्रत्येकी किमान ७० लाख डॉलरची असल्याने त्यांचे वजन फार मोठे होते. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला कोणी काय केले, याचा परिणाम जुलैत स्कॉटलंडमध्ये कोण खेळू शकतो यावर होतो. ही साखळी क्रमाने पाहिल्याशिवाय उमगत नाही, आणि क्रम न मोडण्याचा आग्रह हाच या मालिकेचा सर्वांत मोठा गुण आहे.

संयोजक स्वतः गोल्फचे प्रशिक्षक आहेत. टूरच्या आणि त्या त्या स्पर्धांच्या अधिकृत वाहिन्यांवर मोफत उपलब्ध असलेल्या चित्रफिती ते भिंतीवरच्या पडद्यावर लावतात आणि मूळ इंग्रजी समालोचनाचा आवाज कमी करून मराठीत बोलतात. अशा चित्रफितींत बर्डी (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) आणि ईगल (दोन कमी) भरपूर असतात, पण मधले साधे, कंटाळवाणे वाटणारे होल गाळलेले असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी काढलेला उपाय मला अतिशय आवडला. प्रत्येकाला एक कोरे स्कोअरकार्ड आणि पेन्सिल दिली जाते. वरच्या ओळीत होलचा क्रमांक, खाली यार्ड, त्याखाली पार (त्या होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या) छापलेला असतो आणि खेळाडूच्या आकड्यांची ओळ रिकामी असते. संयोजक एकेका होलचा आकडा सांगतात आणि आपण तो लिहितो. पार असेल तर नुसता आकडा, बर्डी असेल तर त्याभोवती गोल, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) असेल तर चौकोन. चित्रफितीत नसलेले होलही अशा रीतीने हाताखालून जातात. शेवटी बेरीज करताना खेळाडूने चार तासांत काय भोगले, हे कागदावर दिसते. सोबत एखाद्या महत्त्वाच्या होलचा हाताने काढलेला नकाशाही असतो, ज्यात बंकर (वाळूचे खड्डे), पाणी, वाऱ्याची दिशा आणि चेंडू पडण्याची अपेक्षित जागा दाखवलेली असते.

मालिकेची दुसरी संध्याकाळ शुभंकर शर्माची होती आणि खोली पूर्ण भरलेली होती. भारतीय प्रेक्षकाला या हंगामाशी जोडणारा सर्वांत भक्कम धागा तोच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये जोहान्सबर्गच्या रँडपार्कवर, पावसाने लांबून सोमवारपर्यंत गेलेल्या जोबर्ग ओपनमध्ये, २१ वर्षांच्या या मुलाने २३ अंडर पार (म्हणजे एकूण पारपेक्षा २३ फटके कमी) खेळून तीन फटक्यांनी विजय मिळवला. नुकत्याच सुरू झालेल्या हंगामात त्यामुळे त्याला टूरचे हक्काचे स्थान मिळालेच, शिवाय जुलैतल्या ओपन चँपियनशिपचेही दार उघडले. दोनच महिन्यांनी क्वालालंपूरच्या सौजाना मैदानावर मेबँक चँपियनशिपच्या शेवटच्या दिवशी तो आघाडीपेक्षा चार फटके मागे होता. त्याने १० बर्डी घेतल्या, एकही बोगी होऊ दिली नाही, ६२ चा स्कोअर केला आणि स्पेनच्या होर्हे कँपियोला दोन फटक्यांनी मागे टाकले. त्या दिवशीच्या कार्डावर चौकोन एकही नाही, नुसते गोल आहेत, आणि ते भरताना खोलीत जो उत्साह होता तो नागपुरात क्रिकेटच्या सामन्याला असतो त्यापेक्षा कमी नव्हता.

संयोजकांनी या विजयावर संध्याकाळ संपवली नाही, हे मी आवर्जून नोंदवतो. मार्चच्या सुरुवातीला मेक्सिको सिटीच्या चापुल्तेपेक मैदानावर, समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून अधिक उंचीवर, जगातल्या निवडक खेळाडूंच्या स्पर्धेत शर्मा तीन फेऱ्यांनंतर दोन फटक्यांनी आघाडीवर होता आणि शेवटी संयुक्त नवव्या स्थानावर राहिला. ती स्पर्धा फिल मिकलसनने जिंकली. पुढच्याच आठवड्यात गुरुग्रामच्या डीएलएफ मैदानावरच्या इंडियन ओपनमध्ये त्याने ६४ चा नवा मैदान-विक्रम केला आणि अखेरच्या दिवशी घसरून संयुक्त सातवा आला. या दोन घसरणींची कार्डे आम्हाला पूर्ण भरायला लावली गेली. चौकोन कुठे दाटीने आले, ड्रायव्हर (सर्वांत लांब मारण्याचा क्लब) कुठे आवरायला हवा होता, हिरवळीच्या कोणत्या बाजूला चेंडू पडल्यावर पट (हिरवळीवरून चेंडू होलमध्ये ढकलण्याचा फटका) अवघड झाला, याची चर्चा तासभर चालली. ६२ च्या कार्डापेक्षा या कार्डांतून गोल्फ जास्त शिकायला मिळाले. अमेरिकेत ऑगस्टाला होणाऱ्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेचे खास निमंत्रण आणि वर्षअखेरीस मिळालेला टूरचा सर हेन्री कॉटन पुरस्कार, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा मान, यांचा उल्लेख शेवटी आला. तो मान मिळवणारा शर्मा पहिला भारतीय ठरला, आणि मेक्सिको व गुरुग्राम पाहिल्यानंतर त्या पुरस्काराचे मोल जास्त समजते.

मालिकेचा गाभा मात्र फ्रान्चेस्को मोलिनारी आहे, आणि त्याला दिलेल्या दोन संध्याकाळी या शुल्काची पुरेपूर भरपाई करतात. तुरीनचा हा खेळाडू तोवर अचूक फटक्यांसाठी ओळखला जात असे. लांब मारणारा किंवा उत्तम पट करणारा अशी त्याची ख्याती नव्हती. डेव्ह आल्रेड हे रग्बीत किकचे प्रशिक्षण देऊन नाव कमावलेले मार्गदर्शक आणि फिल केनयन हे पटचे प्रशिक्षक यांच्याबरोबर त्याने आधीपासून काम सुरू केले होते. त्या कामाचे फळ मे महिन्यात लंडनजवळच्या वेंटवर्थला दिसले. बीएमडब्ल्यू पीजीए चँपियनशिपच्या शेवटच्या दिवशी तो आणि रोरी मॅकिलरॉय बरोबरीने निघाले. या मैदानाचे शेवटचे दोन्ही होल पार ५ चे आहेत, त्यामुळे लांब मारणाऱ्या मॅकिलरॉयला तिथे मोठा फायदा असतो. तरीही मोलिनारीने ६८ खेळून दोन फटक्यांनी स्पर्धा जिंकली. त्यानंतरचा क्रम संयोजकांनी फळ्यावर लिहून ठेवला होता: घरच्या इटालियन ओपनमध्ये थॉरब्यॉर्न ऑलेसनच्या मागे एका फटक्याने दुसरा, अमेरिकेतल्या क्विकन लोन्स नॅशनलमध्ये आठ फटक्यांनी विजय, जॉन डिअर क्लासिकमध्ये संयुक्त दुसरा आणि मग कारनुस्टीची ओपन चँपियनशिप.

कारनुस्टीच्या संध्याकाळबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंड कोरडे पडले होते. फेअरवे (कापलेल्या गवताचे मुख्य पट्टे) तपकिरी झाले होते आणि चेंडू टप्पा पडल्यानंतरही लांबवर घरंगळत जात होता. एरवी हिरव्यागार युरोपीय मैदानांची सवय असलेल्या डोळ्यांना ते दृश्य एप्रिलअखेरच्या विदर्भातल्या माळासारखे वाटते. अशा जमिनीवर कोणता क्लब घ्यावा हा रोजचा प्रश्न होता, कारण ड्रायव्हरने मारलेला चेंडू थेट बंकरमध्ये किंवा बॅरी बर्न या ओढ्यात जाण्याची भीती होती. शेवटच्या दिवशी वारा वाढला. आघाडीवर जॉर्डन स्पीथ, झँडर शॉफले आणि केव्हिन किसनर ९ अंडरवर होते. मोलिनारी तीन फटके मागे होता आणि त्याच्या जोडीला टायगर वुड्स होता, म्हणजे मैदानावरची सर्वांत मोठी गर्दी आणि सर्वांत मोठा गोंगाट त्याच्या वाट्याला आला होता.

त्या दिवशीचे कार्ड हातात घेऊन आम्ही लिहू लागलो. पहिला होल पार, दुसरा पार, तिसरा पार. पेन्सिल पुढे सरकत होती आणि गोल किंवा चौकोन काढण्याची वेळ येत नव्हती. पहिले नऊ होल संपले, सगळे पार. पडद्यावर वुड्स एकट्याने आघाडीवर गेला तेव्हा खोलीत टाळ्या पडल्या. ११ व्या होलवर त्याचे दोन फटके गेले आणि १२ व्यावर आणखी एक. मोलिनारीच्या रांगेत तेव्हाही पारच होते. माझ्या पुढच्या ओळीत बसलेल्या एका काकूंनी, बहुधा मुलाबरोबर पहिल्यांदाच आलेल्या, थोड्या त्राग्याने विचारले, “हा मारत का नाही हो?” संयोजक म्हणाले, “काकू, तो आत्ता मारून नाही राहिला, तो फक्त बॉल कुठे थांबेल ते पाहून राहिला आहे. आणखी दोन होल थांबा.” सलग १३ पार झाल्यावर १४ व्या, पार ५ च्या होलवर पहिली बर्डी आली. मग पुन्हा तीन पार, आणि १८ व्या होलवर दुसरा फटका झेंड्याजवळ ठेवून दुसरी बर्डी. कागदावर १६ साधे आकडे आणि दोन गोल. बेरीज ६९, एकूण ८ अंडर, दोन फटक्यांनी विजय. मेजर, म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकणारा तो पहिला इटालियन पुरुष ठरला, आणि शुक्रवारी १७ व्या होलनंतरच्या ३७ होलांत त्याने एकही बोगी केली नव्हती.

ही फेरी निव्वळ चित्रफितीतून पाहणाऱ्याला वुड्सची आघाडी, स्पीथची ७६ ची पडझड आणि मोलिनारीची शेवटची बर्डी एवढेच दिसते. कार्ड भरणाऱ्याला कळते की हा विजय त्या १६ पारांचा आहे. स्पीथ कोसळत असताना, मॅकिलरॉय आणि जस्टिन रोझ वर चढत असताना, शेजारी वुड्सच्या प्रत्येक पावलावर आरोळ्या उठत असताना मोलिनारीने प्रत्येक होलवर चेंडू सुरक्षित जागी ठेवला. धीर धरणे ही गोल्फमध्ये सतत केली जाणारी कृती आहे आणि ती पाहता येते, हे या संध्याकाळी मला पटले. संयोजकांनी १८ व्या होलचा जो नकाशा दिला होता, त्यात बॅरी बर्नचे वळण, उजवीकडचे बंकर आणि मोलिनारीचा चेंडू जिथे थांबला ती जागा दाखवली होती. तो नकाशा मी घरी जपून ठेवला आहे.

त्याच महिन्यातल्या स्कॉटिश ओपनला अर्धी संध्याकाळ मिळाली आणि ती योग्यच होती. गलनच्या पार ७० च्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेचा ब्रँडन स्टोन शेवटच्या ग्रीनवर (हिरवळीवर) उभा राहिला तेव्हा तो पट पडला असता तर ५९ झाले असते. पट हुकला, ६० वर समाधान मानावे लागले आणि स्पर्धा त्याने जिंकली. युरोपियन टूरच्या इतिहासात तोवर कोणीही ५९ केले नव्हते. सप्टेंबरमध्ये पोर्तुगाल मास्टर्सच्या दुसऱ्या फेरीत इंग्लंडच्या ऑलिव्हर फिशरने १० बर्डी आणि एक ईगल घेऊन तो आकडा गाठला. तो अंतिमतः ती स्पर्धा जिंकू शकला नाही, ती टॉम लुईसने जिंकली. जुलै आणि सप्टेंबर एकापाठोपाठ दाखवल्याने ही गोष्ट उठून दिसली. ऑस्ट्रियातल्या शॉट क्लॉक मास्टर्सला, जिथे प्रत्येक फटक्यासाठी ४० सेकंद आणि गटातल्या पहिल्या खेळाडूला ५० सेकंद असा नियम होता आणि उशीर झाल्यास एका फटक्याचा दंड होता, केवळ काही मिनिटे दिली गेली. गोल्फ फार संथ आहे अशी तक्रार करणाऱ्या नव्या प्रेक्षकांसाठी तिथे थांबायला हवे होते.

मॅट वॉलेसचा भाग मात्र उत्तम जमला होता. या इंग्लिश खेळाडूने मार्चमध्ये गुरुग्रामला इंडियन ओपन अँड्र्यू जॉन्स्टनविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावरच्या जादा खेळात) जिंकली, जूनमध्ये जर्मनीत बीएमडब्ल्यू इंटरनॅशनल ओपन जिंकली आणि २ सप्टेंबरला डेन्मार्कमध्ये, शेवटच्या सहापैकी पाच होलांवर बर्डी घेऊन, चौघांच्या प्लेऑफमध्ये तिसरा विजय मिळवला. रायडर कप संघाचा कर्णधार थॉमस ब्यॉर्न स्वतः डेन्मार्कचा, आणि संघातल्या चार जागा भरण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. तीनच दिवसांनी त्याने पॉल केसी, सर्जिओ गार्सिया, इयन पोल्टर आणि हेन्रिक स्टेन्सन अशी नावे जाहीर केली. वर्षभरात तीन स्पर्धा जिंकणारा खेळाडू बाहेर राहिला. हा निर्णय बरोबर होता की चूक, यावर मत मांडण्याआधी संयोजकांनी रायडर कपच्या मैदानाचा, पॅरिसजवळच्या ल गोल्फ नॅसिओनालचा, नकाशा वाटला आणि विचारले, या मैदानावर तुम्ही कोणाला घ्याल? अरुंद फेअरवे, दाट रफ (कडेचे वाढलेले गवत) आणि पाण्याने वेढलेले शेवटचे होल पाहिल्यावर अनुभवी खेळाडूंचे पारडे जड वाटते. माझे मत तरीही वॉलेसच्या बाजूने आहे, कारण दबावाखाली पाच बर्डी घेणारा खेळाडू संघाला लागतोच. उलट मत मांडणाऱ्यांनी रायडर कपमधल्या गार्सियाच्या एकेरीतल्या विजयाकडे बोट दाखवले आणि तो मुद्दाही नाकारता येत नाही.

इथवर आल्यावर रायडर कपची संध्याकाळ सर्वांत चांगली होईल अशी अपेक्षा होती आणि नेमकी तीच सर्वांत कमकुवत ठरली. त्या संध्याकाळी कार्डे वाटलीच गेली नाहीत. एकास एक सामन्यांत होलगणिक स्कोअर लिहिण्याची पद्धत वेगळी असते हे खरे, पण कोणता होल कोणी जिंकला एवढे लिहिण्याची सोय सहज करता आली असती. त्याऐवजी गाजलेल्या क्षणांची माळ लागली: पहिल्या टीवरची (पहिला फटका मारण्याच्या जागेवरची) प्रचंड गॅलरी, मोलिनारी आणि टॉमी फ्लीटवूड यांच्या मिठ्या, ॲलेक्स नोरेनचा शेवटचा लांबलचक पट. पाहायला हे सारे सुंदर आहे, पण त्यातून सामना कळत नाही. शुक्रवारी सकाळी अमेरिकेने ३-१ अशी आघाडी घेतली होती आणि दुपारच्या चारही फोरसम लढती युरोपने जिंकल्या. फोरसममध्ये दोघे एकाच चेंडूवर आळीपाळीने मारतात, त्यामुळे एकाचा तिरका फटका दुसऱ्याला रफमधून काढावा लागतो. अरुंद मैदानावर अचूकतेला किती महत्त्व होते आणि अमेरिकेच्या लांब मारणाऱ्यांची तिथे का अडचण झाली, हे समजावून देण्याची ती सर्वोत्तम संधी होती. नोरेनने त्याच मैदानावर जूनअखेरीस सुरू झालेली फ्रेंच ओपन जिंकली होती आणि अमेरिकी संघातला जस्टिन थॉमस त्या स्पर्धेत खेळून गेला होता. हे दुवे क्रमाने दाखवण्याच्या मालिकेतच सुटावेत, याचे वाईट वाटले. युरोपचा १७.५-१०.५ असा विजय आणि मोलिनारीचे पाचपैकी पाच गुण एवढे मात्र सर्वांच्या लक्षात राहिले.

दुबईची शेवटची संध्याकाळही घाईत उरकली गेली. डीपी वर्ल्ड टूर चँपियनशिपला पोहोचताना मोलिनारीला गाठू शकणारा एकच खेळाडू उरला होता, आणि तो होता फ्लीटवूड, आदल्या वर्षीचा विजेता आणि पॅरिसमधला त्याचा जोडीदार. दोघे मित्र, एकाच गणिताच्या दोन टोकांना. त्या आठवड्याचे गणित फळ्यावर मांडले असते तर वर्षभराच्या गुणांचा हिशेब तिथे पुरा झाला असता. प्रत्यक्षात डॅनी विलेटचा विजय, जो २०१६ च्या मास्टर्सनंतरचा त्याचा पहिला विजय होता, दाखवून आणि मोलिनारी ‘रेस टू दुबई’ जिंकणारा पहिला इटालियन ठरला एवढे सांगून कार्यक्रम आटोपला. ऑगस्टमध्ये गगनजीत भुल्लरने फिजी इंटरनॅशनल जिंकली होती आणि ती याच टूरची स्पर्धा होती. तिला कुठल्याच रविवारी जागा मिळाली नाही. भारतीय खेळाडूच्या विजयाला भारतीय मालिकेत स्थान नसावे, याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि हे मी संयोजकांना प्रत्यक्षही सांगितले आहे.

सोयींबद्दल दोन शब्द. खोली पश्चिमेकडची आहे आणि उन्हाळ्यात सायंकाळी सहालाही भिंती तापलेल्या असतात. मोठा कूलर लावला की मागच्या रांगेत संयोजकांचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तो बंद केला की बसवत नाही. शक्य असल्यास पहिल्या दोन रांगांत जागा घ्यावी. पडदा मोठा आणि स्वच्छ आहे, पण उजवीकडच्या खांबामुळे त्या बाजूच्या काही खुर्च्यांवरून ग्रीनचा भाग झाकला जातो. तर्री-पोहे गरम आणि भरपूर मिळतात. चहा थोडा गोड वाटला, सांगितल्यास कमी साखरेचा करून देतात. छपाईचे कागद चांगल्या दर्जाचे आहेत आणि एखादा रविवार चुकल्यास मागचा संच पुढच्या आठवड्यात मागून घेता येतो.

गोल्फ कधीच न खेळलेल्या प्रेक्षकाला ही मालिका जड जाईल अशी भीती कोणी बाळगू नये. पार, बर्डी, बोगी, कट एवढ्या शब्दांचा खुलासा पहिल्याच संध्याकाळी अर्ध्या तासात होतो आणि पुढे कोणीही प्रश्न विचारला तरी संयोजक फेरी थांबवून उत्तर देतात. शाळकरी मुले घेऊन येणाऱ्यांची संख्या चांगली होती, आणि मुले कार्डे मोठ्यांपेक्षा नेटकी भरतात. जे स्वतः खेळतात त्यांच्यासाठी शर्माच्या घसरणीची आणि मोलिनारीच्या कारनुस्टीची संध्याकाळ एवढ्यासाठीच नाव नोंदवावे, इतकी ती मोलाची आहे. ज्यांना केवळ रायडर कपचा जल्लोष पाहायचा आहे त्यांनी तो घरीच पाहावा.

नावनोंदणी कॅफेच्या गल्ल्यावर रोख किंवा मोबाइलने होते आणि एकेका संध्याकाळचे तिकीट मिळत नाही, पूर्ण मालिकाच घ्यावी लागते. क्रमाने पाहण्याच्या आग्रहाशी हे सुसंगत असले, तरी नव्याने येणाऱ्यासाठी पहिली संध्याकाळ स्वतंत्र तिकिटावर खुली ठेवावी अशी माझी सूचना आहे. हीच मालिका पुन्हा घेण्याचा विचार असल्याचे संयोजकांनी सांगितले आहे. तेव्हा त्यांनी रायडर कपसाठी होलगणिक जिंकल्या-हरल्याची कार्डे छापावीत, फिजीला अर्धा तास द्यावा आणि दुबईच्या आठवड्याचे गुण फळ्यावर मांडावेत. पुढच्या वेळी नाव नोंदवताना मी या तीन गोष्टी आधी विचारणार आहे.